पारीचं घर, सारणाचं घर

लोणी गार हवं. पीठही गार. हात गरम असतील तर नळाखाली धरायचे, पुसून कोरडे करायचे, मगच पिठात घालायचे.

हे झालं पारीचं. सारणाचं काय ते समोरच्या घरात माहीत.

मधे जिना. या बाजूला एक दार, त्या बाजूला एक. दोन्ही दारांतून दोन बायका एकाच वर्षी लग्न होऊन आत गेल्या. त्या वर्षीच्या अखेरीस, सुट्ट्या लागल्यावर, एकीने मैद्याची बिस्किटं केली. ओठाला लागली की चुरा व्हावा इतकी खुसखुशीत, पण आत काहीच नाही. दुसरीने सुक्या फळांचं सारण शिजवलं. जिन्यात वास सुटला, पण तिची पारी ओव्हनमधून आली ती चपलेच्या तळासारखी. दोघींनी एकमेकींकडे बशी पाठवली. दोघींनी दार लावून खाल्लं, आणि दार उघडून हसल्या.

तेव्हापासून पारी या घरची, सारण त्या घरचं. भरायची दोघींनी मिळून, पारीच्या घरी, कारण त्यांचा ओव्हन मोठा.

कृती कुणी कुणाला विचारली नाही. विचारली असती तर लगेच सांगितली असती, म्हणूनच विचारली नाही. इमारतीतले लोक त्यांना पारीवाली आणि सारणवाली म्हणायला लागले. पुढे पुढे तर नवीन भाडेकरूंना त्यांना दुसरं नाव असेल असं वाटायचंही नाही.

गोळा घट्ट झाला की ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. लगेच लाटायला घ्यायचा नाही.

तोवर जिना काय म्हणतो ते ऐकायचं.

*

पिऊन होता म्हणे. तो कुठला प्यायचा हो, चहा घेतला तरी त्याला झोप यायची नाही. मग वेगात असेल. पोरंच ती. कसं का असेना, स्वतः गेला आणि त्या बिचाऱ्या बटणाला जन्माचा लंगडा करून गेला. समोरासमोरची दारं, कसं तोंड दाखवत असेल बाई. दाखवतच नाही. कचरा टाकायला येते ती सुद्धा कुणी नाही असं बघून. मी दिसले परवा, तर माघारीच फिरली. तुम्ही बोललात? मी काय बोलणार? सांत्वन करायचं की जाब विचारायचा, तेच कळत नाही. खरंय. न बोललेलं बरं.

*

जो गेला तो सारणवालीचा. एकुलता एक. बाप आधीच गेलेला. दारातून वाकून आत यावं लागायचं म्हणून त्याचं नाव उंट. ज्याचा पाय गेला तो पारीवालीचा. बुटका, गोल डोळ्यांचा, बटण.

दोघं एकाच कारखान्यात. लाकडी कपाटं लोकांच्या घरी पोचवायची. गाडी उंट चालवायचा, परवाना त्याच्याकडे होता. जिना चढताना कपाटाची वरची बाजू उंट धरायचा, खालची बटण, आणि ओझं सगळं खालच्यावर येतं यावरून रोज भांडण. "मावशी," उंट पारीवालीला म्हणायचा, "याला गाडी शिकवून टाकतो. नाहीतर जन्मभर कपाटाखालीच राहील हा."

उन्हाळ्यात, कपाट पोचवून परत येताना, सरळ रिकाम्या रस्त्यावर गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. उंट बाहेर फेकला गेला. बटणाला कुणा ट्रकवाल्यांनी पत्र्यातून ओढून काढलं, रस्त्याकडेला निजवलं, फोन केला आणि ते निघून गेले. गाडीचा पुढचा भाग असा चेपला होता की कोण कुठे बसलं होतं ते तिच्यावरून कळायला वाव नव्हता.

दवाखान्यात पोलिसाने विचारलं, "चालवत तो परवानेवाला होता, बरोबर?"

बटणाने मान हलवली.

एवढंच झालं. खोटं बोलायलासुद्धा त्याला तोंड उघडावं लागलं नाही.

*

वळ.

सदरा बदलायला नर्सने पारीवालीला हात लावायला सांगितलं तेव्हा तिने तो पाहिला. गाडीच्या पट्ट्याचा. जांभळा, तळहाताएवढा रुंद, खांद्यावरून तिरका छातीवर उतरलेला. त्या गाडीत पुढच्या सीटवर बसून ती कितीदा बाजारातून आली होती. शेजारी बसणाऱ्याचा पट्टा कुठल्या खांद्यावरून येतो ते तिच्या अंगाला माहीत होतं. हा दुसरा खांदा होता.

तिने पुन्हा पाहिलं. मग सदरा गळ्यापर्यंत बंद केला.

घरी आणल्यावर त्याची आंघोळ तीच घालायची. नवरा म्हणायचा, "अगं, बाप्या माणूस आहे तो, मी घालतो की." ती म्हणायची, "तुम्ही धांदरट. पाडाल त्याला." बटण स्टुलावर मान खाली घालून बसायचा. पाणी घालणाऱ्या बाईला काय दिसतंय ते त्याला माहीत होतं. त्याला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तांब्या भरायचा, ओतायचा. वळ हिरवा झाला, मग पिवळा झाला, मग एके सकाळी नुसती कातडी राहिली.

त्या सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "आजपासून तुम्ही घाला आंघोळ."

*

लाटायचं. ओट्यावर पीठ भुरभुरवून, मधून बाहेर, मधून बाहेर. पेल्याच्या काठाने गोल कापायचे.

"यंदा कशाला हा घाट?" नवरा दारात बूट घालत म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि लोकांच्या लिफ्ट नेमक्या सुट्टीच्या दिवशी अडकतात. "नुसत्या पारीचं काय करणार? उशीत भरणार?"

"जॅम घालीन."

"जॅम!" तो म्हणाला. "त्यापेक्षा साबण घाल. निदान हात तरी स्वच्छ होतील."

ती पेल्याने गोल कापत राहिली. मग तोही गंभीर झाला. बंद दाराकडे बघून म्हणाला, "तू जाऊन ये ना एकदा. किती महिने झाले. तिचं पोर गेलंय गं. आपला निदान आहे."

"जाईन."

"त्याने मुद्दाम थोडंच केलं. पोराच्या चुकीची शिक्षा आईला कशाला? लोक काय, लोकांना जिना झाडायला नको, तोंडं वाजवायला हवीत. तू तरी…"

"जाईन म्हटलं ना! तुम्ही निघा."

तो गेला. त्याला वाटलं, बायकोच्या मनात अजून राग आहे. त्याने खाली उतरता उतरता ठरवलं की तिला थोडा वेळ द्यायचा. भला माणूस.

आतल्या खोलीतून कुबडी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. बटण उठला होता.

*

दारावर थाप पडली.

पारीवालीने उघडलं. सारणवाली. एका हातात कढई, दुसऱ्यात कापडी पिशवी. गालांची हाडं वर आलेली, केस नुसते गुंडाळलेले.

"आत येऊ?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. ती यायची ती सरळ ओट्यापर्यंत, वाटेत पातेल्यांची झाकणं उघडून बघत.

"अगं, ये. ये ना. विचारतेस काय?"

ती आत आली. ओट्यावरचे पांढरे गोल तिने पाहिले. बघून तिचा चेहरा थोडा सैल झाला. "लाटलीस? बरं झालं. मला वाटलं, यंदा माझ्यामुळे…" पुढचं तिने गिळलं आणि पिशवी रिकामी करायला लागली. खजूर. अंजीर. मनुका. अक्रोड. दोन संत्री.

"हे असं कोरडंच आणलंस? शिजवून नाही आणलंस?"

"तुझ्या शेगडीवर शिजवते. तू बघ."

"मी कशाला बघू?"

"मी जातेय गं. भावाकडे, कायमची. सुट्ट्या संपल्या की घर सोडणार." ती कढई शेगडीवर ठेवत होती, पाठमोरी होती, म्हणून तिला बोलता येत होतं. "तेव्हा सारण तुला यायला हवं. माझ्या पोराने तुझ्या पोराचा पाय घालवला. मी ते कशाने भरून देणार? माझ्याकडे दुसरं आहे काय? हे आहे. ते घे."

पारीवाली म्हणाली:



नाही, म्हणाली नाही. शेगडी पेटवून दिली.

*

आता सारण.

अक्रोड आधी पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. सालीचा कडवटपणा त्यात उतरतो.

"असं होय? मी म्हणायची, हिचे अक्रोड गोड कसे. वाटायचं, महागातले आणतेस."

"महागातले आणायला माझा नवरा कोण लागून गेला होता?"

मनुका कोऱ्या चहात भिजत घालायच्या. कडक चहात. साध्या पाण्यात त्या नुसत्या फुगतात, चव येत नाही.

खजूर आणि अंजीर सुरीने नाही कापायचे, कात्रीने. कात्री मधून मधून पाण्यात बुडवायची.

"शिवणाची कात्री?"

"वेगळी ठेवलीय. आणलीय ना, ही बघ. ही पण राहू दे तुझ्याकडे."

"अगं, नको."

"राहू दे म्हणते ना."

पारीवालीने कात्री घेतली. बारीक तुकडे पाडायला लागली. तुकडे पाडताना मान खाली ठेवता येते. सारणवाली संत्र्याची साल किसत होती आणि बोलत होती. महिनोन्‌महिने कुणाशी न बोललेलं माणूस बोलतं तसं, अधेमधे कुठूनही.

"कारखान्याचा मालक आला होता. उभ्यानेच बोलला. म्हणे, भरवशाचा पोरगा होता, असं कसं केलं कळत नाही. मी म्हटलं, मलाही नाही कळत. वरच्या मजल्यावरची आजी, लहानपणी त्याला मांडीवर घेऊन बसायची, ती मला बघून आत गेली परवा. बरोबर आहे त्यांचं. मीही गेले असते. रात्री पडल्या पडल्या मी त्याच्याशी भांडते. म्हणते, मेल्या, स्वतः मरायचं तर मरायचं, त्याला कशाला घेतलंस बरोबर? आणि मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मेलेल्या लेकराला कुणी मेल्या म्हणतं का?"

कात्री थांबली.

"तू काप. मी बोलते ते मनावर घेऊ नकोस."

सगळं संत्र्याच्या रसात घालून मंद आचेवर ठेवायचं. ढवळत राहायचं. तळाला लागू द्यायचं नाही.

"आणि आता हे." सारणवालीने पिशवीच्या तळातून एक डबा काढला. आत भुगा. पिवळसर, जाडाभरडा.

"हे काय?"

"ओळख बघू."

पारीवालीने चिमूटभर जिभेवर ठेवला. आणि तिला कळलं. "ही माझी पारी."

"तुझी. मोडकी बिस्किटं मागून न्यायचे ना मी दरवर्षी? वाळवून कुटून ठेवायचे. रस आटला की वरून घालायचा, सारण धरून राहतं. वाहत नाही. हे नसेल तर तुझी पारी फुटेल."

"अगं, तू तर म्हणायचीस पाखरांना घालते!"

"पाखरांचे एवढे लाड कोण करतं?"

दोघी हसल्या. खरंच हसल्या, पदर तोंडाला लावून, जुन्यासारख्या. मग सारणवाली म्हणाली, "त्यातली निम्मी तर तोच मुद्दाम मोडायचा. तुझी पाठ वळली की कट्. म्हणायचा, आई, बघ, अजून एक मोडलं," आणि हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं, काढायचं कसं ते तिला समजेना.

भुगा घातला. ढवळलं. सारण कढईच्या कडा सोडायला लागलं.

पारीवालीला आता सगळं येत होतं. अक्रोड, चहा, कात्री, भुगा. तिने सगळं शिकून घेतलं होतं, एकेक पायरी, आणि मधे एकदाही तिने सारणवालीला थांबवलं नव्हतं.

*

एक गोल खाली. मधे चमचाभर सारण. कडेला अंड्याचा पांढरा भाग बोटाने फिरवायचा. दुसरा गोल वर. काट्याने कडा दाबायच्या.

पहिला ट्रे निघाला तेव्हा सारणवाली म्हणाली, "बटण कुठेय? त्याला बोलव. मी आल्यापासून आतच आहे. माझं तोंड बघायचं नाही म्हणत असेल, तर तसंही सांग. मला राग नाही यायचा."

"झोपला असेल."

"कुबडी वाजली की मघाशी."

पारीवालीने हाक मारली. तो आला. एक खांदा वर, एक खाली, पायजम्याचा एक पाय दुमडून पिन लावलेला. दारातच थांबला.

"मावशी," तो म्हणाला.

"ये रे बाळा. घे. गरम आहे, फुंकून खा."

त्याने बिस्कीट घेतलं. आई त्याच्याकडे बघत होती. शेवटी तिने त्याला हाक मारली होती ती याचसाठी. त्याने स्वतः सांगावं, एवढं तिला हवं होतं. एक वाक्य. मोठंही नाही. तिने डोळ्यांनी ते वाक्य त्याच्या पुढ्यात ठेवलं.

त्याने खाल्लं. चावायला त्याला फार वेळ लागला.

"छान झालंय, मावशी," तो म्हणाला.

आणि अजून एकाला हात घातला.

तो हात बघून पारीवालीच्या तोंडून निघून गेलं. "उंट चालवत नव्हता."

"काय?"

"उंट नव्हता चालवत. हा चालवत होता. उंट शिकवत असेल याला. मी वळ बघितला, पट्ट्याचा, चालवणाऱ्याच्या बाजूचा होता. दवाखान्यात. मला तेव्हापासून माहीत आहे."

झालं. बोलून झालं. तिला वाटलं होतं आभाळ कोसळेल. ओव्हन गुणगुणत होता. बटणाचा हात ट्रेवर तसाच होता.

सारणवाली हातातला काटा खाली ठेवून पुढे आली. तिने पिठाच्या हातांनी पारीवालीचा चेहरा धरला.

"बाई गं," ती म्हणाली. "किती मोठं करशील मन?"

"नाही गं, मी खरं…"

"पोटच्या पोरावर घेतेस? माझ्यासाठी?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "अख्ख्या जिन्यात एक माणूस माझ्याकडे बघत नाही, आणि तू, जिचा पोरगा… नको गं. असं नको करूस. मला हलकं वाटावं म्हणून जिवंत लेकराला त्या गाडीत चालवायला बसवू नकोस. दृष्ट लागेल त्याला."

"ऐक ना माझं."

"ऐकलं. मरेपर्यंत लक्षात ठेवीन. भावाकडे गेले तरी सांगेन सगळ्यांना, अशी एक बाई होती म्हणून." ती बटणाकडे वळली. "ऐकलंस का रे? अशी आई कुणाला मिळत नाही. जप तिला."

बटण ट्रेकडे बघत होता.

"आणि बाळा, एक मागू? त्याला शिव्या देऊ नकोस मनात. पायाकडे बघून येत असतील, मला कळतं. पण मित्र होता तुझा. त्याला माफ कर. मोठ्याने नको म्हणूस हवं तर. मनात कर."

पारीवालीने बटणाच्या तोंडाकडे बघितलं.

"केलं, मावशी," बटण म्हणाला.

*

आता दुसऱ्यांदा सांगायचं होतं.

पहिल्यांदा ते आपोआप बाहेर पडलं होतं. दुसऱ्यांदा ते उचलून बाहेर काढावं लागणार होतं. खांदा कुठला, पट्टा कुठला, हे समजावून द्यायचं. ती म्हणेल, दाखव. दाखवायला काय होतं? वळ तिनेच तांब्या तांब्याने धुऊन घालवला होता. आणि सारणवालीचा चेहरा. इतक्या महिन्यांनी त्याच्यावर काहीतरी उजळलं होतं. ते पुसायचं, आणि तिथे हे ठेवायचं.

तिने तोंड उघडलं.

"हा गोल जाड लाटलायस," सारणवाली नाक ओढत म्हणाली. ती पुन्हा ओट्याशी गेली होती आणि भराभर सारण घालत होती. "मन लागत नाही तुझं. दे, मी लाटते. आज मी पारी करते, तू सारण भर. जमतंय का बघू."

तिने लाटणं हातात घेतलं. पारीवालीने चमचा घेतला. कढईतलं सारण अजून गरम होतं.

बटण तिथेच उभा होता. जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं.

"बस ना रे," सारणवाली त्याला म्हणाली. "उभं राहून दुखेल. किती वेळ उभा राहशील असा?"

पारीवालीने चमचा खाली ठेवला, ओट्याखालचं स्टूल पायाने बाहेर ओढलं आणि त्याच्याकडे सरकवलं.